कावेरक्काच्या दारातला ढग

तामलवाडीत आमच्या दारापुढं रोज सकाळी ढग काढलेला असायचा. रांगोळीचा ढग. स्वस्तिक नाही, गोपद्मं नाही, लक्ष्मीची पावलं नाहीत. ढग. आणि तोही मनचा नाही. त्या दिवशी सकाळी आभाळात जो असेल, तोच.

काढणारी आमची शेजारीण कावेरक्का. दोन घरांना मिळून बाहेरचा दरवाजा एकच होता. आत शिरलं की उजव्या हाताला आम्ही, डाव्या हाताला ती आणि तिचा नवरा सिद्रामप्पा. माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून त्या दरवाजापुढची सडा-रांगोळी कावेरक्काकडं गेली ती गेलीच. थोडी मोठी झाल्यावर मी एकदा म्हटलं, "आक्का, एक दिवसाआड मी काढू का?" तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दार एक, आभाळ एक. मग रांगोळीला दोघी कशाला?"

तिला मी तोंडावर तुम्हीच म्हणायची. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तसा दंडक होता. मनात मात्र ती कायम 'तू'च होती, म्हणून इथंही मनातलंच लिहिते.

तिचं माहेर आळंदच्या बाजूला, कानडी मुलखात. अगदी लहानपणी लग्न होऊन इकडं आली आणि मराठी शिकली ती ऐकून ऐकून. वाक्याच्या सुरुवातीला 'अय्यो' आणि शेवटी 'बा' लावल्याशिवाय तिचं बोलणं पुरं होत नसे. नवरा असो, म्हैस असो, गावचा पाटील असो, सगळ्यांना 'बा'. मूलबाळ नव्हतं. उंचीनं बुटकी, अंगानं गोल, आणि मान सदा वर. वर बघत चालायच्या सवयीनं ती आयुष्यात किती वेळा ठेचकाळली असेल त्याची गणती नाही. दोन्ही पायांचे अंगठे कायम चिंधीत बांधलेले असत.

तिची रीत अशी. पहाटे झाडलोट करायची, शेणाचा सडा टाकायचा आणि मग ओट्यावर मिश्री लावत बसायचं. तोंडात बोट, नजर वर. चांगलं उजाडेपर्यंत ती रांगोळीला हात लावत नसे. मग एकदा का आभाळातला ढग पसंत पडला की चूळ भरून म्हणायची, "आज ह्यो." जणू बाजारात वांगं निवडलं! तिच्याजवळ तीन डबे असत. एकात शिरगोळा कुटून केलेली पांढरी रांगोळी, दुसऱ्यात चुलीतली चाळलेली राख, तिसऱ्यात कोळशाची पूड. पांढऱ्या ढगाला पांढरी, भुरक्याला राख, आणि पावसाळी ढगाला सरळ कोळसा.

दारात काळं काढते म्हटल्यावर गल्लीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. आमच्या गल्लीतले जोशीबुवा तर समजूत घालायलाच आले. म्हणाले, "आक्का, दारात लक्ष्मीची पावलं काढावीत. घरात लक्ष्मी येते."

"पायी येती व्हय?" कावेरक्कानं विचारलं.

बुवा गडबडले. "म्हणजे... तसं शास्त्र आहे."

"अय्यो, ती यायची तर ढगातनंच खाली येनार न्हवं? पाऊस पडला तर ज्वारी, ज्वारी आली तर लक्ष्मी. मी तिची गाडीच काढते की बा दारात."

बुवा परत आले नाहीत. पुढं त्यांनी स्वतःच्या दारात बायकोकडून पावलांच्या बाजूला एक छोटा ढग काढून घेतला, असं सिद्रामप्पा शपथेवर सांगायचा. मी तो पाहिलेला नाही.

रांगोळी काढताना तिचं ढगाशी भांडण चालायचं, ते ऐकायला मी मुद्दाम लवकर उठत असे. ढग काही एका जागी थांबत नाही. ही इकडं एक बाजू काढून वर बघते तो तिकडं त्याचं रूप बदललेलं. मग हिचा पारा चढायचा. "थांब की जरा! कुठं जळालंय तुझं एवढं? ह्यो कान राहिलाय अजून!" एकदा श्रावणात असाच एक लांबलचक ढग आला. ही काढत गेली, तो सरकत गेला. तो लांबतोय म्हणून हीही लांबवत गेली. आमच्या दारातून निघालेली रांगोळी शेजारच्या दारापुढून, पिठाच्या गिरणीपुढून, थेट मारुतीच्या पायरीपर्यंत गेली. गिरणीवाला दळणाची पाटी घेऊन एका पायावर उभा, कारण दुसरा टेकवायला जागाच नाही! शेवटी देवळाच्या पायरीला डोकं आपटलं तेव्हा ती थांबली, उभी राहिली, कपाळ चोळलं आणि म्हणाली, "तुळजापूरला निघालाय वाटतं. जाऊ दे."

पोरं हटकून विचारायची, "आक्का, आज हत्ती काढला का?" त्यावर ती मनापासून चिडायची. "हत्ती काय हत्ती? ढग हाय त्यो. ढगासारका दिसतोय न्हवं? मग ढगच म्हना." ढगात घोडे, हत्ती, म्हातारे बघणारी माणसं तिला आवडत नसत. ढगाला ढग म्हणून किंमत द्यावी, एवढंच तिचं म्हणणं.

पण स्वभाव मात्र ती ढगाला द्यायची. आजचा रुसलाय. आजचा लई खादाड हाय. आजचा सासूवानी, गरजंल पन देनार काय न्हाय. आणि गंमत अशी की दारात जसा ढग, तसाच तिचा दिवस जायचा. पांढरा, पिंजलेला ढग असला की आम्हाला शेंगांची पोळी मिळायची. कोळशाचा डबा उघडलेला दिसला की सिद्रामप्पा मुकाट्यानं भाकरी फडक्यात बांधून शेताकडं निघायचा. मी त्याला एकदा विचारलं, "मामा, ढग बघून आक्कांचं मन बदलतं का मन बघून त्या ढग निवडतात?" सिद्रामप्पा मितभाषी माणूस. विडी विझेपर्यंत विचार करून म्हणाला, "पोरी, तीस वर्सं झाली. मला उमगलं न्हाय. मी आपला डबा कुठला उघडलाय ते बघतो."

शेतकरी मंडळींनी तिच्या रांगोळीचा निराळाच अर्थ काढला. सकाळी शेतावर जाताना आमच्या दारावरून वळसा घालून जायचे आणि रांगोळी बघून ठरवायचे, कडबा आत घ्यायचा का बाहेर ठेवायचा. एका वर्षी एकानं मिरच्या वाळत घातल्या आणि दुपारी पाऊस आला. तो भिजलेली मिरची घेऊनच भांडायला आला. "आक्का, तुम्ही तर पांढरा काढला होता!"

"मी ढग काढते. पाऊस काढत न्हाय," असं म्हणून तिनं त्याची निम्मी मिरची आपल्या चुलीजवळ वाळवायला ठेवून घेतली. चार दिवस आम्ही दोन्ही घरची माणसं शिंकत होतो.

आता या सगळ्यात एकच भानगड होती. आपल्याकडं मार्गशीर्षापासून पुढं आभाळ कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. कोरं करकरीत. आठ आठ दिवस ढगाचा पत्ता नसतो. आणि ढग नाही तर कावेरक्काची रांगोळी नाही. झाडून, सडा टाकून, दार मोकळं सोडून ती आत जायची. आपल्याकडं दारात रांगोळी नाही म्हणजे घरात कुणीतरी गेलंय, सुतक आहे, असा अर्थ होतो. गावाला सवय होती. पण परका माणूस आला की गोंधळ. नळदुर्गचे माझे मामा एकदा न कळवता आले, गल्लीच्या तोंडाशी रिकामं दार दिसलं आणि तिथंच मटकन बसून त्यांनी "दाजी गेले हो!" म्हणून हंबरडा फोडला. दाजी, म्हणजे अण्णा, तेव्हा तांब्या हातात घेऊन परसातून येत होते. मेहुण्याचं आपल्यावर एवढं प्रेम आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. तेव्हापासून गल्लीतली माणसं नवा पाहुणा दिसला की लांबूनच सांगायची, "कुणी गेलेलं न्हाय हो, आभाळ मोकळं हाय!"

आता माझ्या गोष्टीकडं येते.

अण्णा गावच्या शाळेत मास्तर. शाळा चौथीपर्यंतच. पुढचं त्यांनी मला घरीच शिकवलं आणि तुळजापूरच्या केंद्रावर सातवीच्या फायनलला बाहेरून बसवायचं ठरवलं. त्या काळात फायनल झालेल्या मुलीला मास्तरीण होता येत असे, आणि मला तेच व्हायचं होतं. दुसरं काहीच नको होतं. पण परीक्षा दोन महिन्यांवर आली आणि अण्णांच्या मनात निराळंच आलं. पोरीला आई नाही, सोळावं लागलंय, आपलं काही बरंवाईट झालं तर काय, वगैरे. गावातल्या पोरींना शिकवा म्हणून दारोदार फिरणारा माणूस स्वतःच्या पोरीच्या बाबतीत असा हबकला. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचं एक स्थळ आलं. बिजवर. पहिली बायको गेलेली, दोन मुलं, बाजारात दुकान. वय मध्यस्थाच्या मते तिशीच्या आतबाहेर; ते आत नव्हतं, बाहेर होतं, आणि बरंच लांब बाहेर होतं.

"मुलगी पसंत पडली की माघातच उरकून टाकू," असा निरोप होता. माघातच, म्हणजे परीक्षेच्या आधी. मी अण्णांना काहीच बोलले नाही. तेव्हा मुली बोलत नसत, आणि आई नसलेल्या मुली तर मुळीच नाही.

पाहुणे यायच्या दोन दिवस आधी दुपारी मी कावेरक्काबरोबर ज्वारी निवडत बसले होते. तिनं सुपातले खडे वेचता वेचता विचारलं, "पोरी, तुला काय पायजे?"

मला आधी वाटलं, गूळ-शेंगदाणे देतेय. मी म्हटलं, "काही नको."

"खायाचं इचारत न्हाय. तुला, तुला काय पायजे?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. माझे डोळे भरून आले. मी सुपात बघत म्हटलं, "मला फायनलला बसायचंय, आक्का."

"हं," म्हणाली आणि खडे वेचत राहिली. मला तिचा राग आला. एवढं मनातलं सांगितलं आणि ही म्हणते हं!

संध्याकाळी अण्णा तिच्या ओट्यापाशी गेले. सरळ माणूस, सरळ विनंती. "आक्का, परवा वाशीचे पाहुणे येतायत. ढग असो नसो, दारात तेवढं काहीतरी काढा. साधं स्वस्तिक काढलं तरी चालेल."

"बघू बा," कावेरक्का म्हणाली. "आभाळात काय असंल त्ये."

अण्णांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांनी नाही काढली तर तू काढ. विसरू नको." त्याप्रमाणे पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी रांगोळीची वाटी घेऊन बाहेर निघाले. कावेरक्का नुकतीच डोक्यावरून न्हालेली, केस मोकळे सोडून ओट्यावर मिश्री लावत बसली होती. सडा टाकलेला, दार रिकामं. तिनं माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि मिश्रीच्या तोंडानं म्हणाली, "जिला बघायला येनार, त्या पोरीनं सोता रांगोळी काढायची नसती. जा, साडी नेस." असला नियम मी त्याआधी ऐकला नव्हता आणि त्यानंतर आजतागायत कुठं ऐकलेला नाही. पण माझं लक्ष थाऱ्यावर कुठं होतं? मी आत जाऊन आईची मोरपंखी साडी नेसायला लागले. एकीकडं नेसत होते, एकीकडं रडत होते.

पाहुणे दुपारी यायचे होते. पण त्यांनी तुळजापूरला मुक्काम करून देवीचं दर्शन उरकलं आणि सकाळच्या पहिल्या बसनंच आले. अण्णा पाटलांकडं कपबशा मागून आणायला गेलेले. सिद्रामप्पा शेतावर. गल्लीतही नेमकं कुणी नाही. पाहुणे तिघं: नवरदेव, त्याचे चुलते आणि मध्यस्थ. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. दारापाशी येऊन ते जागीच थबकले. समोर रिकामा सडा. ओट्यावर केस मोकळे सोडलेली बाई. चुलत्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"अरेरे! कधी झालं?"

कावेरक्काच्या तोंडात मिश्री. तिनं पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. नुसती हलवली.

"मास्तर?" मध्यस्थानं दबक्या आवाजात विचारलं.

तिनं पुन्हा मान हलवली. ती होय म्हणत होती की नाही म्हणत होती, ते मला फटीतून समजलं नाही आणि त्यांनाही समजलं नसावं. पण नवरदेवाचा चेहरा पांढरा फटक पडला. तिघंही उंबऱ्याला पाय न लावता, पाणी न पिता, आल्या पावली वळले.

घडला प्रकार अण्णांना परतताना वाटेत कुणाकडून तरी कळला, आणि पाहुणे त्यांना सापडले थेट बसच्या थांब्यावर. डोक्याला फेटा, दोन्ही हातांत कपबशांचं ताट, आणि "अहो, कुणी गेलेलं नाही! मी आहे! हा बघा मी!" असं ओरडत आमचे अण्णा सडकेनं पळाले, ते सगळ्या गावानं पाहिलं. चुलत्यांनी त्यांना शांतपणे खाली बसवलं. म्हणाले, "मास्तर, तुम्ही आहात, फार आनंद झाला. पण पहिल्या पावलाला मनात आलं ते आलं. ह्याची एक आधीच गेलीय. आता पुन्हा धसका नको." बस आली. ते बसले. ताटातल्या दोन कपांचे कान तेवढे तुटले.

त्या दिवशी अण्णा आयुष्यात पहिल्यांदा शेजारी भांडले. "आक्का, एक स्वस्तिक काढायला काय झालं होतं हो तुम्हाला?"

"मला स्वस्तिक येत न्हाय, मास्तर."

"मग ढग काढायचा!"

"ढगच नव्हता," ती खाली बघून म्हणाली. "नसलेला ढग मी कसा काढू बा?"

गावानं तिला सोडलं नाही. तोवर तिचं वेड सगळ्यांना गोड वाटायचं. आता वेडाचं नुसतं वेडच राहिलं. आई नसलेल्या पोरीचं जमत आलेलं लग्न हिच्या खुळापायी मोडलं, असं बायका पाणवठ्यावर तिच्या तोंडावर म्हणाल्या. एक तर म्हणाली, "स्वतःला पोर नाही, दुसऱ्याच्या पोरीची काय कदर असणार?" मी तिथंच घागर भरत होते. मी काही बोलले नाही, याची लाज मला अजून वाटते. कावेरक्कानं घागर उचलली आणि ती गेली. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला खाली बघत चालताना पाहिलं.

अण्णांनी दार तिच्याकडून काढून घेतलं. उद्यापासून रांगोळी तू काढायची, म्हणून मला बजावलं. मी रोज चार रेघांचं स्वस्तिक काढायची आणि ती ओट्यावर बसून बघायची. तिचे तीन डबे कोनाड्यात तसेच पडून होते. सिद्रामप्पा एकदा मला हळूच म्हणाला, "घरात लई शांत झालंय, पोरी. मला बरं वाटत न्हाय."

आणि माझं काय झालं? वाशीच्या पाहुण्यांना महिन्याभरात दुसरीकडं मुलगी मिळाली. अण्णांना लगेच दुसरं स्थळ गाठायचा हुरूप राहिला नाही. म्हणाले, "आता होऊ दे परीक्षा, मग बघू." मी फायनलला बसले. पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले. निकाल हातात घेऊन अण्णा जे ढसाढसा रडले, ते पाहून माझा त्यांच्यावरचा सगळा राग गेला. पेढ्यांचा पुडा घेऊन ते कुणाकडं आधी गेले माहीत आहे? डाव्या हाताच्या घरी. पुडा पुढं करून म्हणाले, "आक्का, झालं गेलं विसरा. उद्यापासून दार तुमचं." दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पांढरा, भरगच्च, उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंतचा ढग होता.

मी पुढं मास्तरीण झाले. बदली होत होत येडशीला आले. स्टेशनजवळ खोली घेतली, शाळेत तिसरी-चौथीचा वर्ग मिळाला. अण्णांनीही पुढं माझ्या लग्नाची घाई केली नाही. माझ्या मनासारखं स्थळ आलं तेव्हाच केलं, पण ती निराळी गोष्ट. सांगायचं ते एवढंच, की वाशीचे पाहुणे परत गेल्यापासूनच्या सहा वर्षांत असा एक आठवडा गेला नसेल, जेव्हा मी त्या माघातल्या मोकळ्या आभाळाचे आभार मानले नाहीत. त्या सकाळी एखादा चुकार ढग आला असता तर आज मी वाशीच्या दुकानामागं भाकऱ्या थापत असते, असं मी येता-जाता लोकांना सांगायची. हसून सांगायची.

मग एका हिवाळ्यात कावेरक्का आणि सिद्रामप्पा येडशीजवळच्या रामलिंगाच्या दर्शनाला म्हणून माझ्याकडं दोन दिवस राहायला आले. ती बरीच थकली होती. हात कापायचे. चहाची बशी दोन्ही हातांनी धरायची. तरी वर्गात येऊन मागच्या भिंतीला टेकून बसली आणि मी पोरांना पाढे म्हणून दाखवताना, जणू स्वतःच शिकवतेय अशा तोऱ्यात सगळीकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला जायच्या तयारीत दार उघडलं, तर ती बाहेर उकिडवी बसलेली. खोलीपुढची सगळी जागा रांगोळीनं भरली होती. मोठा थोरला ढग. पोटात राखेची सावली, कडेला पांढरी किनार, वरच्या अंगाला तीन उंच गड्डे. रेघ ठिकठिकाणी हललेली, तरी एवढा देखणा ढग मी तिच्या हातचा कधी पाहिला नव्हता. मी सवयीनं वर बघितलं. आभाळ स्वच्छ होतं.

"आक्का, आज तर एकही ढग नाही."

"आजचा न्हायच ह्यो."

"मग?"

"वाशीवाले आल्ते बघ. त्या दिवसाचा."

मला समजायला वेळ लागला. मी म्हटलं, "पण त्या दिवशी ढग नव्हता. तुम्हीच अण्णांना सांगितलं होतं."

"व्हता की." तिनं राखेची चिमूट सोडली. "सोलापूरच्या अंगाला. एकलाच. माघात असला ढग येत न्हाय बा. मी बघतच राहिले. डबा उघडला बी व्हता. मग म्हनलं, ह्येला दारात काढला तर पोरगी जाती वाशीला. त्याला म्हनलं, जा तू. आज तुझं-माझं काय न्हाय. थोडा येळ थांबला, मग गेला."

सहा वर्षं मी आभाळाचे आभार मानत होते.

"आक्का, गावानं तुम्हाला काय काय ऐकवलं. दार काढून घेतलं. एकदा तरी सांगायचं होतं."

"सांगून? तुझ्या बापानं फुडल्या आठवड्यात दुसरा आनला असता." मग कंबर सरळ करून म्हणाली, "मला अकराव्या वर्सी गाडीत बसवून आनलं, पोरी. कुठं चाललो ते बी सांगितलं न्हाय. हितं आले तर बोलनं कळंना, एक मानूस वळकीचं न्हाय. सासूनं पहाटं दारात बसवलं, काढ म्हनली रांगोळी. मी वर बघितलं. ढग तेवढे आमच्या गावासारके व्हते. तेच काढले. मला कुनी इचारलं न्हवतं, तुला काय पायजे म्हनून. तुला म्या इचारलं. इचारल्यावर मग गप बसून कसं चालंल?"

ती पुन्हा वाकून किनार नीट करायला लागली. हात फार कापत होता. "एवढी वर्सं डोक्यात धरून ठिवला व्हता. आता हात ऐकंना झालाय. म्हनलं, हाय तवर काढावा. तुझ्याच दारात काढायचा व्हता."

मी रांगोळी सांभाळत तिच्याजवळ गेले, जमिनीला टेकून तिच्या त्या चिंधी बांधलेल्या पायांवर डोकं ठेवलं आणि तसंच ठेवून राहिले. तिनं राखेनं माखलेला हात माझ्या पाठीवरून फिरवला.

"ऊठ, ऊठ," ती म्हणाली. "पोरं वाट बघत असत्याल. शाळंला जा."